आंब्याच्या अढीतला भात

टिकाराम खाणीतून निवृत्त झाला त्याला वर्ष होत आलं, पण शिफ्ट काही त्याच्या डोक्यातून सुटली नव्हती. मॅंगनीजच्या खाणीत तो हजेरीबाबू. कोण कधी उतरलं, कोण कधी वर आलं, हे पाहण्यात जन्म गेला. आता पाहायला घरात दोनच माणसं उरली होती, बायको रुख्माबाई आणि सून पिंकी. मुलगा अंकित नागपूरला नोकरीत. सुटीत यायचा आणि आला की झोपायचा. पिंकी सकाळीच रक्त-लघवी तपासायच्या लॅबमध्ये निघून जायची. राहिली रुख्माबाई. तेव्हा भाजी पहिल्या शिफ्टात, भांडी दुसऱ्या शिफ्टात, आणि दुपारी ती बिचारी जरा लवंडली की हा दारात उभा.

"अवं, ड्यूटी सुरू व्हाची वेळ झाली ना?"

"माही ड्यूटी लग्नाच्या दिवशी सुरू झाली," रुख्माबाई डोळे न उघडता म्हणायची. "सुटी कवा हाय तेवढं पाह्यून सांगा."

अशा माणसाच्या हाती बुद्धपौर्णिमेची खीर सापडली, मग जे व्हायचं ते झालं.

त्यांच्या वॉर्डातल्या विहारात पौर्णिमेला वंदना झाली की खीर वाटायची, आणि ती खीर रुख्माबाईच्या हातची, हे ठरलेलं. चिन्नोर तांदूळ, आटवून दाट केलेलं दूध, बैहरकडच्या जंगलातली चारोळी. तिच्या चुलीवर खिरीचा गंज, म्हणजे ते मोठं पातेलं, चढला की गल्लीतली माणसं उगाच चपला शोधायला फाटकापाशी येत आणि बराच वेळ त्यांना चपला सापडत नसत. तिचा एकच नियम होता: दानाची खीर आधी चाखायची नाही. साखर कमी की जास्त, हे ती नाकानं ओळखायची.

या खिरीमागं एक जुनं दुखणं होतं. लग्न होऊन ती तुमसरहून बालाघाटला आली, त्या वर्षी पहिल्यांदा तिनं खीर केली आणि ती बुडाला लागली. सासूनं भर अंगणात, चार बाया बसल्या असताना म्हटलं, "हिच्या हातची खीर कुत्रंबी नाही खानार." सासू जाऊन जमाना झाला. तिच्या फोटोला रुख्माबाई बेधडक हार घालायची. पण खिरीला उकळी फुटली की ते वाक्य दरवर्षी कानात असं वाजायचं, जसं काही म्हातारी मागं पाटावर बसली आहे. मग ही अजून ढवळायची, अजून आटवायची. खीर एवढी सुरेख व्हायची, त्याचं थोडं श्रेय सासूला द्यावं की काय, हे तिला अजून ठरवता आलं नव्हतं.

आणि यंदा तर खिरीवर सगळ्यांचेच डोळे होते. समोरच्या घरातल्या मंजुषाबाईची नजर रुख्माबाईच्या पितळी पळीवर कैक वर्षांची. "दरसाली एकीनंच काहून करावं? आमाले काय हात नाही?" असं तिनं विहाराच्या बैठकीत विचारलं. समितीचे अध्यक्ष भोजराज हा सगळ्यांना खूश ठेवणारा गडी. त्यानं निकाल दिला, "यंदा रुख्माबाईच करतीन. पन काही कमीजास्त झालं, तं पुढच्या सालापासून खीर मंजुषाबाईकडे." मंजुषाबाई गोड हसली. रुख्माबाईही गोड हसली. दोघींच्या हसण्यात एक चमचा साखर जास्तच पडली होती.

तेव्हा टिकारामनं योजना मांडली. भात आदल्या संध्याकाळी, दूध पौर्णिमेच्या सकाळी. "दोन शिफ्टात काम केलं की लोड येत नाही," तो म्हणाला. रुख्माबाईचे गुडघे दुखत होते आणि वैशाखातलं ऊन वर होतं, म्हणून ती हो म्हणाली. संध्याकाळी भात शिजवला. विहारात पताका लावायला जाताना तिनं बजावलं, "परातीत पसरून ठेवा. पंखा लावा. थंड होऊ द्या."

"हौ, हौ," टिकाराम म्हणाला. हजेरीबाबूचं 'हौ' म्हणजे ऐकलं, एवढंच. केलं, असं नाही.

त्याचं म्हणणं असं, की थंड भात कडक होतो आणि कडक भात दुधाचा अपमान करतो. भात कसा ऊबदार, मऊ राहिला पाहिजे. आणि घरातली सगळ्यात ऊबदार जागा त्याच्याइतकी कोणाला ठाऊक असणार? मागच्या खोलीत त्याची आंब्याची अढी होती. कटंगीच्या साळ्याकडून आलेले गावठी आंबे त्यानं धानाच्या तणसात, म्हणजे पेंढ्यात, पिकायला घातले होते. खाली तणस, मग आंबे, मग तणस, मग आंबे, वरून पोती. सकाळ-संध्याकाळ तो त्यांची हजेरी घ्यायचा. हा पिवळा झाला, हा अजून झोपला आहे, याला पलटवा. आंब्यांवर त्याचं जेवढं प्रेम होतं तेवढं अंकितवरही लहानपणी दिसलं नव्हतं, असं रुख्माबाईचं मत.

तर त्यानं भाताचा तो मोठा गंज झाकण लावून अढीत बसवला. चारी बाजूंनी तणस खोचलं, वरून पोतं, पोत्यावर गोधडी. गंजाला हीव भरल्यासारखी सगळी तजवीज करून तो समाधानानं झोपला.

सकाळी दूध आटत आलं तेव्हा रुख्माबाई परात शोधू लागली. परात जागेवर, आणि कोरडी.

"अंकितचे बाबा, भात कोठी हाय?"

टिकारामनं गंज दोन्ही हातांनी पोटाशी धरून आणला, जसं दवाखान्यातून बाळ घरी आणतात. "हात लावून पाह्य. अजून ऊन हाय का नाही?"

भात खरंच कोमट होता. रुख्माबाईनं वास घेतला. चिन्नोरचा वास, दुसरं काही नाही. आंबूस नाही, चिकट नाही. "पसरून ठेवा म्हनलं होतं," ती पुटपुटली, पण उन्हं वर येत होती, वंदनेची वेळ होत होती, आणि नवऱ्याशी भांडायला सबंध दुपार पडली होती. तिनं भात दुधात सोडला. साखर, वेलची, चारोळी. खदखदून उकळी आणली. मागच्या पाटावरून सासूनं आपलं वाक्य म्हटलं, हिनं आणखी ढवळलं.

पिंकी न्हाऊन, पांढरी साडी नेसून आली. ती लांजीची; हिंदीत विचार करायची, मराठीत सुरुवात करायची आणि मध्येच कुठं तरी सीमा ओलांडायची. अढीचं कौतुक टिकारामनंच तिला सांगितलं. ऐकता ऐकता तिनं केसांना बांधलेला पंचा सोडला आणि तो हातातच राहिला.

"पप्पा, भात रातभर आंब्यात होता?"

"रातभर म्हंजे, एकदम नीट होता."

"मम्मी," पिंकी म्हणाली, "ही खीर नाही द्याची. किसीको भी नहीं."

रुख्माबाईच्या हातातली पळी थांबली. "काहून? वास पाह्य."

"वास नसते त्याले."

"चव घेऊन पाहू म्हनतो," टिकाराम म्हणाला.

"चव बी नसते."

"वास नाही, चव नाही, दिसत नाही. असा मानूस खानीत आला असता तं मी त्याची हजेरीच नसती मांडली!"

पिंकी चुलीजवळच्या स्टुलावर बसली. कॉलेजात ती हेच शिकली होती, पण सासूसमोर शिकलेलं बोलायचं म्हणजे परीक्षेपेक्षा अवघड. ती हळू बोलायला लागली. "तांदळात एक जंतू राहते, मम्मी. भात शिजला तरी तो मरत नाही, बीजासारखा घट्ट होऊन झोपते. भात लवकर थंडा केला तं झोपूनच राहते. पन बरेच घंटे कोमट ठेवला..." तिनं मागच्या खोलीकडं पाहिलं. "तं उठते. एकाचे दोन, दोनाचे चार. अढीत आंबे पिकतात ना, तसा तो बी पिकते."

टिकारामला ही उपमा आवडली आणि राग आला, दोन्ही एकाच वेळी.

"आता तं उकळली ना मी," रुख्माबाई म्हणाली. "बुडबुडे येऊन राह्यले, पाह्य. मेला असन तो."

"तो मेला. पर उसने जो छोड़ा है ना, वो नहीं मरता. मरायच्या आधी तो भातात जहर सोडून ठेवते. ते उकळून जात नाही. कुकरात घालून कितीबी शिट्ट्या द्या, तसंच राहते."

"आन पोटात जाऊन करते काय?" रुख्माबाईनं विचारलं. विचारायचं नव्हतं तिला, पण विचारलं गेलं.

"आपलं अंग म्हंजे लहान लहान पेशी. एकेक पेशी एक घर समजा. घराघरात बारीक बारीक बिजलीघर असते, त्याच्यावर पेशी चालते. हे जहर जाऊन त्या बिजलीघराच्या भिंतीतच बसते. आतलं-बाहेरचं सांभाळून ठेवलेलं सगळं गळायले लागते. चार्ज लीक. बिजली बंद. घरात अंधार."

"उन्हाळ्यात ते रोजचंच हाय," टिकाराम म्हणाला.

"पप्पा, सुनो तो. मंग पोटाची नस वर दिमागाले फोन लावते, की जो अंदर आया है, बाहर फेंको. उलट्या, उलट्या. मोठ्या मानसाले एक दिवसात बरं वाटन. पन विहारात लेकरं येतात, म्हातारे येतात. जास्ती गेलं तं लिव्हरपर्यंत जाते."

रुख्माबाई गंजाकडं पाहत राहिली. खीर अशी जमली होती, की तिच्यावरून नजर घसरत नव्हती. वर सायीची सुरकुती, सायीत चारोळी. आणि समोरच्या घरातून मंजुषाबाईच्या बांगड्या वाजत होत्या. तिच्या जिभेवर एक वाक्य आलं: 'कालची आलेली तू, तुले काय कळते खिरीतलं?' वाक्य पूर्ण तयार होतं. ओळखीचंही वाटत होतं. तिनं ते गिळलं, पण गिळताना तोंड असं झालं, की पिंकी स्टुलावरून उठून उभी राहिली.

तेवढ्यात टिकारामनं वाटी भरली. चूक त्याची होती, हे त्याला कळून चुकलं होतं, आणि चूक कळलेला पुरुष फार धोकादायक असतो. तो फुंकर न मारता खीर प्यायला. दुसरी वाटी भरली, तीही प्यायला.

"पप्पा!"

"दानाची खीर!" रुख्माबाई ओरडली. "चाखली तुमी?"

"चाखली नाही. तपासली," टिकाराम मिशी पुसत म्हणाला. "आता पाहू. बिजलीघर माहं हाय. मले काही झालं नाही, तं गंज विहारात जाईन. किती वेळ लागते तुह्या जंतूले?"

"एक घंट्यानंतर कवाबी. दुपारपर्यंत," पिंकी कपाळाला हात लावून म्हणाली, आणि बादली आणायला गेली.

टिकाराम अंगणात लिंबाखाली प्लास्टिकच्या खुर्चीत बसला. पांढरा कुर्ता, मांडीवर हात, फोटो काढायला बसल्यासारखा. बातमी गल्लीत कुठून गेली कोण जाणे, पण चपला शोधणारी माणसं यंदा थेट फाटकाच्या आत आली. पिंकीनं एका बाजूला बादली ठेवली, दुसऱ्या बाजूला मीठ-साखरेचं पाणी. टिकारामला आयुष्यात एवढं लक्ष कोणी दिलं नव्हतं. निवृत्तीच्या दिवशीसुद्धा साहेबांनी त्याचं नाव चुकवलं होतं.

"कसं वाटते, भाऊ?" कोणी तरी विचारलं.

"फस्ट क्लास."

"पोटात काही वाजून राह्यलं का?"

"ते नेहमीचंच."

मंजुषाबाई आली ती पदराखाली काही तरी लपवून. तिनं टिकारामचे डोळे पाहिले, जीभ पाहिली, आणि उभ्या उभ्या निदान केलं, "यायले काही होत नाही. यायच्या पोटात खानीतला दगड हाय." मग ती चुलीकडं वळली. "बाई वं, रंग तं मस्त आला. नेत नाही म्हनते का?" पदर जरा सरकला. आत तिची स्वतःची पळी होती, घासूनपुसून आणलेली. असू द्यावी बापडी, वेळवखत सांगून येत नाही.

तास उलटून गेला. टिकाराम तसाच, ताजातवाना. बिजलीघर चालूच. त्यानं रुख्माबाईकडं पाहून भुवई उडवली. पिंकी घड्याळाकडं पाहत होती आणि रुख्माबाई पिंकीकडं. पोरीचं तोंड एवढंसं झालं होतं. आपल्या सासऱ्यानं ओकावं अशी इच्छा करावी तरी कशी, आणि न करावी तरी कशी?

मग भोजराज आला. मागं ई-रिक्षा, पुढं मोटरसायकलवर हा, डोक्यावर नवीन निळं हेल्मेट. अख्ख्या वॉर्डात हेल्मेट घालणारा तो एकटाच. विहार दोन गल्ल्या सोडून होतं, तरी हेल्मेट घालायचा. वाटेत कोणी हात जोडले की काच वर करून उत्तर द्यायचा.

"जयभीम, टिकारामजी! बसलेच का? हे धरा जरा." त्यानं हेल्मेट काढून टिकारामच्या मांडीवर ठेवलं आणि केस सारखे केले. "रुख्माबाई, वंदना होऊन राह्यली. लोकं लाइनीत हाएत. गंज उचलू का?"

गल्लीतल्या सगळ्या माना गंजाकडं वळल्या.

"उचला उचला," टिकाराम म्हणाला. "मी परीक्षा देऊन बसलो. पास."

रुख्माबाईनं गंजावरचं झाकण उचललं, वाफ तोंडावर आली. आता हो म्हटलं की सगळं जागच्या जागी. पळी हिची, नाव हिचं, मंजुषाबाईची पळी गेली तशी पदराखालून परत. नवरा तर समोर धडधाकट बसला आहे. आणि नाही म्हटलं, तर एवढी वर्षं कमावलेलं सगळं सुनेच्या एका शब्दावर ओतून द्यायचं; तेही अशा वस्तूसाठी, जी दिसत नाही.

वाफेतून सासूचं वाक्य आलं. यायचंच. आणि पहिल्यांदाच रुख्माबाईला ते ऐकून नवल वाटलं. बाई, तू तर जळून राख झालीस. तुझी रक्षा वैनगंगेत सोडली, मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. मग तुझा बोल कसा गं अजून तसाच? दरसाली मी त्याला खदखदून उकळते आणि दरसाली तो माझ्या आत जाऊन एक दिवा मालवतो.

पिंकीचं बिजलीघर तिला अर्धंच कळलं होतं. पण सोडणारा मरतो आणि सोडलेलं राहतं, हे तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्यात ती तयार होती.

"नाही, भोजराजजी," ती म्हणाली. "ही खीर विहारात नाही जात. भात रातभर अढीत राह्यला, त्यात जहर झालं. सुनबाई म्हनते ते खरं हाय."

एकच गलका उठला. "मी म्हनतच होती," मंजुषाबाई म्हणाली, जरी ती नेमकं उलटं म्हणत होती. "आता लोकायले काय देऊ? माईकवर खीर सांगून बसलो मी!" भोजराज म्हणाला. आणि सगळ्यांवर ताण टिकारामचा आवाज. तो खुर्चीतून उठला होता, हेल्मेट छातीशी धरून, निवडणुकीतल्या उमेदवारासारखा.

"अवं, पन मले पाहा ना! दोन वाट्या! दोन वाट्या पेलो मी! कोठी हाय जहर? कोठी हाय जंतू? हा मी असा उभा हाओ तुमच्यासमोर, खनखनीत. मले काही, मले..."

इथं तो थांबला. चेहऱ्यावर एक आश्चर्य पसरलं, जसं कोणी लांबून हाक मारावी आणि ओळख पटू नये. पोटाच्या नसेनं वर फोन लावला होता आणि दिमागानं उचलला होता.

बादली उजव्या हाताला होती. पण हेल्मेट जवळ होतं.

त्यानंतर अंगणात जी शांतता पसरली, तशी त्या दिवशी विहारातसुद्धा ध्यानाच्या वेळी पसरली नाही, असं नंतर लोक सांगत. टिकारामनं मान वर केली, हेल्मेटकडं पाहिलं, भोजराजकडं पाहिलं, झाकण लावावं तशी काच खाली केली आणि अदबीनं म्हणाला, "धुऊन देतो." आणि पुन्हा काच वर करायची वेळ आली.

पिंकीनं त्याला धरून ओसरीतल्या बाजेवर निजवलं, घोट घोट पाणी पाजलं, लॅबच्या डॉक्टरांना फोन केला. "घबराने का नहीं, पप्पा. डॉक्टर म्हनते, पानी देत राहा, झोप आली तं उठवून पाहत राहा." टिकाराम क्षीण आवाजात म्हणाला, "पिंकी, तुह्या जंतूची हजेरी मांड बापा. आला तो."

हसू कोणाला आवरेना, पण रांग विहारात उभी होती आणि गंजातली खीर कोणाच्या कामाची नव्हती. दूध संपलेलं. दुकानं बंद. मंजुषाबाई पदराखालची पळी चाचपत म्हणाली, "बुंदी केली असती मी, पन बेसन कोठी हाय एवढं?"

रुख्माबाई सरळ मागच्या खोलीत गेली. ओसरीतल्या बाजेवर टिकारामच्या कानावर तणसाचा सळसळाट आला.

"कोन हाय तिकडं?" त्यानं मान उचलली. "अवं! अढीले हात नको लावू! परवा पलटवायचे हाएत ते!"

"शिफ्ट बदलली," आतून रुख्माबाईचा आवाज आला.

"निदान मधल्या थरातले ठेव! अवं, तो बारका वाला, देठाजवळ लाल..." पुढचं बादलीत गेलं.

आंबे निघाले तेव्हा पोरीबाळींचे डोळे विस्फारले. पिवळेधमक, तणसाच्या वासाचे, सगळे एकाच दिवशी पिकल्यासारखे. अढीनं आपलं काम चोख केलं होतं. भाताला तिनं बोलावलंच नव्हतं. पिंकी नळापाशी साबण घेऊन उभी राहिली. आंबे धुवा, गंज धुवा, हात कोपरापर्यंत धुवा, बोट कापलेलं असेल त्यानं बाजूला. "जखमेतला जंतू बी असाच जहर सोडते," ती म्हणाली, तशी मंजुषाबाईनं आपलं विळीवर कापलेलं बोट सगळ्यांना दाखवून घेतलं आणि पाणी आणायचं काम पत्करलं. भोजराजला दोनदा हात धुवायला लावले. अध्यक्ष झाल्यापासून त्याला कोणी असं परत पाठवलं नव्हतं.

"पन पौर्णिमेले खीर लागते," आंबा पिळता पिळता तो कुरकुरला. "आमरस कोन्या साली झाला?"

"यंदाच्या," रुख्माबाई म्हणाली. "दान तेच, जे घेनाऱ्याच्या पोटात राह्यते. हेल्मेटात नाही."

भोजराजनं पुढचा आंबा पिळायला घेतला.

खीर मात्र परसात सीताफळाखाली खड्डा करून पुरली. ओतताना रुख्माबाईनं तोंड फिरवलं. वर माती टाकली, मातीवर जुना फुटका पाटा ठेवला. "चारोळीसकट गेली," बाजेवरून टिकाराम हळहळला. मग डोळे मिटून पडून राहिला.

विहारात रांग हलली तेव्हा आमरस ताजा होता, ओल्या पोत्यात गुंडाळलेल्या गंजातून सरळ वाटीत. रुख्माबाई पितळी पळीनं वाढत होती. दरसाली ती वाढताना कोणाच्या तोंडाकडं पाहायची नाही. काय दिसेल याची भीती. यंदा ती पाहत होती. लेकरं परत परत रांगेत लागत होती आणि दर खेपेला पहिल्यांदाच आल्यासारखा चेहरा करत होती. मंजुषाबाईनं वाटी चाटूनपुसून खाली ठेवली आणि म्हणाली, "खिरीवानी नाही. पन बरं हाय."

"पुढच्या साली पळी तुले द्याची हाय ना?" रुख्माबाईनं विचारलं.

मंजुषाबाईनं ओल्या पोत्याकडं पाहिलं, नळापाशी साबण लावून थकलेल्या बायांकडं पाहिलं, पिंकीकडं पाहिलं. "तूच कर वं," ती म्हणाली. "तुह्या घरी तपासनीस हाय. माह्या घरी कोन हाय ओकायले?"

संध्याकाळी घरी आल्या तेव्हा टिकारामच्या उलट्या थांबल्या होत्या. तो मऊ आवाजात मागत होता ते पाणी, आणि मधूनमधून अढीची चौकशी. पिंकीनं त्याला एक आंबा आणून दाखवला, नुसता दाखवला. देठाजवळ लाल असलेला, बारका. तिनं बाजूला लपवून ठेवला होता.

"उद्या मिळन, पप्पा. फ्रिजमध्ये ठेवते."

"उद्या," टिकाराम म्हणाला. "पहिल्या शिफ्टात."

परसातून कुई कुई आवाज आला म्हणून रुख्माबाई मागं गेली. पिंकीही तिच्या मागून गेली. गल्लीतला कालू कुत्रा सीताफळाखाली बसला होता. पाट्याच्या चारी बाजूंनी माती उकरलेली, नाक मातीनं माखलेलं. पाटा काही हलला नव्हता. कालू पंज्यानं पाटा ओढायचा, हरायचा, वर तोंड करून रडायचा आणि पुन्हा ओढायचा.

"हट रे! मरशीन!" पिंकी धावली. "मम्मी, याले बांधून ठेवावं लागन. हा नाही ऐकत."

रुख्माबाई कुत्र्याकडं पाहत उभी होती. मग तिनं घराकडं मान वळवली. भिंतीवर सासूचा फोटो दारातून नीट दिसत होता, हार घातलेला.

"पाहून घ्या, आत्याबाई," ती म्हणाली. "कुत्रंबी रडून राह्यलं खिरीसाठी."

पिंकीला काही कळलं नाही. पण रुख्माबाई पदर तोंडाला लावून हसत होती, इतकी हसत होती की सीताफळाला टेकावं लागलं. म्हणून मग तीही हसली. कालूनं दोघींकडं आशेनं पाहिलं आणि पुन्हा पाट्याला भिडला.